फ्रेंच क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत पण बोलताना अडकायला होतं, तर नक्की काय करायचं?

तुम्ही विचारलंय की ए१ चा (फ्रेंचच्या सगळ्यात पहिल्या पातळीचा) कोर्स सुरू होऊन काही महिने झालेत, एत्र (असणं), आव्वार (जवळ असणं), पार्ले (बोलणं), फिनीर (संपवणं) यांचे सहा सहा ओळींचे तक्ते वहीत लिहून पाठ आहेत, टेस्टमध्ये मार्कही बरे पडतात, पण समोरून कोणी साधा प्रश्न विचारला की तोंडातून काही बाहेर पडत नाही आणि ऐकताना तर माणूस एकाबद्दल बोलतोय की अनेकांबद्दल तेसुद्धा कळत नाही. त्यात कोणीतरी सांगितलंय की फ्रेंचमध्ये सोळा काळ आहेत, त्यामुळे आता हे सगळं पाठ कधी होणार आणि किती क्रियापदं पाठ केली म्हणजे पुरे, असा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं मराठी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना फ्रेंच शिकवतेय आणि हीच तक्रार मला जवळपास प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं पाठांतर कमी पडत नाहीये हे आधी लक्षात घ्या. खरी अडचण अशी आहे की क्रियापदं तुम्ही डोळ्यांनी शिकलात, आणि फ्रेंचमध्ये कागदावर दिसणारं क्रियापद आणि कानावर पडणारं क्रियापद यांत भरपूर फरक असतो. तक्ता हा लिहिण्यासाठी केलेला असतो, तोच बोलायला वापरायला गेलात की डोक्यात आधी सहा ओळी उभ्या राहतात, मग त्यातली ओळ शोधायची, मग शेवटची मूक अक्षरं गाळायची, तोपर्यंत समोरच्याने पुढचं वाक्य बोललेलं असतं.

आता कशासाठी शिकताय यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. कोणाला फक्त पुस्तकं वाचायची असतात, त्यांना मी जे सांगते ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही परीक्षेचा उल्लेख केलाय म्हणून देल्फ ए१, म्हणजे या पातळीची फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा धरून चालते, त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि प्रत्येकाला २५ मार्क, पास व्हायला १०० पैकी ५०, आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे अर्धे मार्क कान आणि तोंड यांच्यावर आहेत, तरी अभ्यासाचा वेळ मात्र बहुतेकांचा वहीवरच जातो. आणि अजून एक, मी इथे उच्चार देवनागरीत लिहितेय ते फक्त अंदाज यावा म्हणून, फ्रेंचचा ‘र’ घशातून येतो, ‘ज’ आपल्यासारखा नाही, त्यामुळे प्रत्येक रूप ऑडिओवर ऐकूनच पक्कं करा.

पार्ले (बोलणं) घेऊ. वर्तमानकाळात कागदावर ज (मी), त्यू (तू), इल (तो), नू (आम्ही), वू (तुम्ही) आणि अनेकवचनी इल (ते) अशी सहा रूपं आहेत आणि प्रत्येकाचं शेपूट वेगळं, कुठे नुसता ई, कुठे ई-एस, कुठे ई-एन-टी. आता तेच मोठ्याने म्हणा: ज पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. चार रूपं कानाला अगदी सारखी आहेत. शेवटचं ई-एन-टी इतकं ठसठशीत लिहिलेलं असतं की नवीन माणूस हमखास ‘पार्लां’ असं काहीतरी म्हणतो, पण तिथे काहीही म्हणायचं नसतं. शिवाय रोजच्या बोलण्यात ‘नू’ च्या जागी लोक सर्रास ‘ओं’ वापरतात आणि ‘ओं’ ला क्रियापद ‘इल’ सारखंच लागतं, ओं पार्ल. मग बोलण्यापुरती उरली किती रूपं? दोनच, पार्ल आणि पार्ले. ‘पार्लों’ लिहिताना आणि जरा औपचारिक बोलताना लागेल, ते तुम्हाला येतंच आहे. ‘ओं’ चा अर्थ आपल्या ‘आपण’ च्या जवळ जातो म्हणून मराठी माणसाला तो पटकन आवडतो, फक्त ‘आपण बोलतो’ हे आपल्याकडे अनेकवचन आणि ‘ओं पार्ल’ हे एकवचन, तेवढं सांभाळा.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. मराठीत आपण ‘बोलतोस का?’ म्हटलं तर कोण ते वेगळं सांगावं लागत नाही, ‘तोस’ मध्येच ‘तू’ आहे, ‘जाते’ म्हटलं की बाई बोलतेय हेसुद्धा कळतं. आपलं क्रियापद सगळी माहिती शेपटीत ठेवतं म्हणून सर्वनाम गाळायची आपल्याला सवय आहे. फ्रेंचने शेपूट लिहायला ठेवलंय पण उच्चारातून काढून टाकलंय, त्यामुळे कोण बोलतंय हे सांगायचं काम पुढच्या सर्वनामावर येऊन पडतं, ते गाळलंत तर नुसतं ‘पार्ल’ हवेत लटकतं, किंवा समोरच्याला ती आज्ञा वाटते. म्हणून माझ्याकडे कोणीही सुटं ‘पार्ल’ पाठ करत नाही. ‘जपार्ल’ हा एक शब्द, ‘त्यूपार्ल’ हा एक शब्द, असंच जोडून म्हणायचं. स्वरापासून सुरू होणाऱ्या क्रियापदात तर फ्रेंच स्वतःच ते जोडून टाकतं, आबिते (राहणं) चं ‘जाबीत’ होतं, तिथे ‘ज’ वेगळा काढायचा प्रयत्नही करू नका. उलट एका बाबतीत तुमची सुटका आहे: वर्तमानकाळात बोलणारा पुरुष की बाई यावरून फ्रेंच क्रियापद बदलत नाही, ‘जातो-जाते’ हा भेद तिथे नाहीच.

तुम्ही म्हणता की ऐकताना ‘तो’ की ‘ते’ कळत नाही, तर पार्ले सारख्या क्रियापदात ते फ्रेंच माणसालाही नुसत्या त्या दोन शब्दांवरून कळत नाही, तो संदर्भावरून घेतो. त्यामुळे तिथे कानाला दोष देऊ नका. पण दोन जागा अशा आहेत जिथे फरक नीट ऐकू येतो आणि तिथे कान तयार करायला हवा. पहिली जागा म्हणजे स्वरापासून सुरू होणारी क्रियापदं. एमे (आवडणं) चं एकवचन ‘इलेम’ आणि अनेकवचन ‘इल झेम’, मध्ये एक ‘झ’ येतो आणि तोच अनेकवचनाचा पुरावा. या ‘झ’ वर किती अवलंबून असतं बघा: ‘इल सों’ म्हणजे ते आहेत आणि ‘इल झों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे. एत्र आणि आव्वार यांच्यात फक्त स आणि झ चा फरक, आणि ही भाषेतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी दोन क्रियापदं. या एका जोडीवर मी पहिल्याच महिन्यात वर्गात भरपूर वेळ घालवते, डोळे मिटून ऐकायचं आणि स ऐकला की झ ते बोटाने दाखवायचं, बस.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे आणि पुस्तकं ती क्वचितच अशी सांगतात. पुस्तकात तीन गट असतात. पहिला ई-आर वाला, सुमारे ९० टक्के क्रियापदं यात येतात आणि नवीन तयार होणारी क्रियापदंही जवळजवळ सगळी इथेच जातात, गूगलवर शोधणं याचंसुद्धा ‘गूगले’ होतं आणि ते पार्ले सारखंच चालतं. दुसरा फिनीर (संपवणं) सारखा आय-आर वाला, साधारण ३०० क्रियापदांचा. आणि तिसरा म्हणजे उरलेली सगळी, ज्याला पुस्तकं अनियमित म्हणून मोकळी होतात आणि विद्यार्थी घाबरून बसतात. आता या दुसऱ्या-तिसऱ्या गटाकडे कानाने बघा. ते झोपतात: इल दॉर्म. तो झोपतो: इल दॉर. ते निघतात: इल पार्त, तो निघतो: इल पार. ते वाचतात: इल लीझ, तो वाचतो: इल ली. ते ठेवतात: इल मेत, तो ठेवतो: इल मे. ते विकतात: इल वांद, तो विकतो: इल वां. ते संपवतात: इल फिनीस, तो संपवतो: इल फिनी. काय होतंय ते दिसलं ना, अनेकवचनात शेवटी एक व्यंजन ऐकू येतं आणि एकवचनात ते गळून पडतं. ज, त्यू, इल या तिघांचं रूप कानाला एकच. आणि ‘नू’ हवं असेल तर बहुतेक वेळा त्याच व्यंजनाला ‘ओं’ लावा, ‘वू’ ला ‘ए’ लावा: दॉर्मों, दॉर्मे, लिझों, लिझे, फिनिसों, फिनिसे.

म्हणून या क्रियापदांत मी तक्ता वरून खाली शिकवत नाही, खालून वर शिकवते. आधी अनेकवचनी ‘इल’ चं रूप, कारण त्यात पूर्ण धातू असतो, मग त्याचं शेवटचं व्यंजन गाळून एकवचन. ‘दॉर’ वरून ‘दॉर्म’ काढता येत नाही, कारण म आहे की त हे कळायला काही मार्ग नाही, पण ‘दॉर्म’ वरून ‘दॉर’ कोणीही काढेल. सगळी क्रियापदं याला बधत नाहीत. व्वार (बघणं) आणि कुरीर (धावणं) मध्ये एकवचन-अनेकवचन कानाला सारखंच आहे, साव्वार (माहीत असणं) मध्ये स्वरच बदलतो, इल से आणि इल साव. आणि दव्वार (करायला हवं असणं), वनीर (येणं) अशा काहींत नू-वू चा स्वर वेगळा असतो: इल द्वाव पण नू दवों, इल व्येन पण नू वनों. तरीही खालून वर गेलात तर वहीतली अनियमित क्रियापदांची यादी बरीच लहान होते, हे मी दर बॅचला बघते.

मग खरोखर अनियमित कोण? एत्र, आव्वार, आले (जाणं) आणि फेर (करणं). ही चार घोकायलाच लागतात, तिथे मी कोणालाही सवलत देत नाही, पण ती घोकण्याआधी एक विचार करा. आपण मराठीत ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेलो’ म्हणतो, ‘येतो’ चं ‘आलो’ होतं, ‘करतो’ चं ‘केलं’, ‘होतो’ चं ‘झालो’. यातला कुठलाही नियम आपल्याला कोणी शिकवला नाही, दिवसभरात इतक्या वेळा कानावर पडतं आणि तोंडातून जातं की चुकायला वावच राहत नाही. जगातल्या बऱ्याच भाषांत सगळ्यात जास्त वापरातली क्रियापदंच सगळ्यात वाकडी असतात, कारण रोजच्या वापरामुळे जुनं रूप टिकून राहतं, कमी वापरातली क्रियापदं हळूहळू सरळ होत जातात. म्हणजे ज वे, त्यू वा, इल वा, नू झालों, वू झाले, इल वों हे वाकडं आहे कारण ते सतत लागतं, आणि सतत लागतं म्हणूनच तक्त्यापेक्षा वाक्यांतून लवकर बसतं. एक छोटी मदत देते: अनेकवचनी ‘इल’ ला शेवटी ओं असा आवाज या चारच क्रियापदांत येतो, सों, झों, वों, फों. आणि ‘वू’ ला नेहमीचा ‘ए’ सोडून त-कारान्त रूप तीनच महत्त्वाच्या क्रियापदांत येतं, वू झेत (आहात), वू फेत (करता), वू दीत (म्हणता). ‘नू’ ला ओं सोडून वेगळं फक्त नू सॉम. एवढे अपवाद एका चिठ्ठीवर मावतात.

पहिल्या गटातली स्पेलिंगची भानगड लगेच उरकते. व्वायाजे (प्रवास करणं) च्या ‘नू’ रूपात मध्येच एक जादा ई येतो, आपले (हाक मारणं) मध्ये कधी एक एल तर कधी दोन, ते बघून लोक म्हणतात की नियमित क्रियापदंसुद्धा नियमित नाहीत. पण आवाजावरून बघा, स्पेलिंग तिथे उच्चार टिकवायला धडपडतंय. ओ च्या आधी जी आला तर तो ‘ग’ वाचला जाईल, म्हणून ‘ज’ ठेवायला मध्ये ई घालतात. ‘ज मापेल’ मध्ये शेवट मूक असल्याने ‘पे’ वर जोर येतो म्हणून दुसरा एल, ‘आपलों’ मध्ये जोर पुढे सरकतो म्हणून एकच. तोंडाने बरोबर म्हणत असाल तर लिहिताना कारण आपोआप कळतं.

आता बोलताना अडकण्याकडे येते, कारण तुमचा मूळ त्रास तो आहे. तक्ता म्हणताना तुम्ही ज वरून त्यू वर, त्यू वरून इल वर जाता. खऱ्या बोलण्यात असं कधीच होत नाही. खऱ्या बोलण्यात समोरचा ‘वू’ ने विचारतो आणि तुम्हाला ‘ज’ ने उत्तर द्यायचं असतं, म्हणजे उडी वू वरून ज वर आहे, आणि नेमकी ती उडी तुम्ही कधी मारलेलीच नाही. वर्गात फिनीर चा तक्ता न चुकता म्हणणारा विद्यार्थी ‘वू फिनिसे आ केल अर?’ (तुम्ही किती वाजता संपवता?) एवढं विचारलं की ‘ज फिनिसे’ म्हणून मोकळा होतो, कारण कानात आत्ताच ‘फिनिसे’ पडलेलं असतं आणि तेच उचललं जातं. त्याला ‘ज फिनी’ येत नाही असं नाही, त्या दिशेने जायची सवय नाही.

त्यामुळे माझ्याकडे सराव जोड्यांनी होतो. एकाने म्हणायचं वू झाबिते, दुसऱ्याने लगेच जाबीत. वू त्रावाये, ज त्रावाय. वू दॉर्मे, ज दॉर. वू लिझे, ज ली. वू झाले, ज वे. वू फेत, ज फे. वू झेत, ज स्वी. वू झावे, जे. आधी नुसती क्रियापदं, मग पूर्ण प्रश्न आणि पूर्ण उत्तर. मग हीच उडी त्यू वरून ज वर, तिथे कानाला रूप सारखंच राहतं म्हणून ती सोपी जाते, आणि मग तिसऱ्याबद्दल विचारून इल-एल (तो-ती). घरी एकटे असाल तर प्रश्न फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, प्रत्येक प्रश्नानंतर थोडी रिकामी जागा ठेवा आणि चालता चालता उत्तरं द्या. लिहायचं नाही, वही बघायची नाही. सुरुवातीला तोंड अडखळेल, चालू द्या. दिवसातून दहा मिनिटं हे केलं तर तासभर तक्ते लिहिण्यापेक्षा जास्त उपयोग होतो असं माझं ठाम मत आहे. नकारही यातच घ्या, ‘पा’ क्रियापदाच्या मागे येतो, ज दॉर पा, आपलं ‘झोपत नाही’ तसंच. लिहिताना आणि परीक्षेत आधीचा ‘न’ घालायचाच, ज न दॉर पा, बोलताना फ्रेंच लोक तो बऱ्याचदा खातात, त्यामुळे ऐकताना ‘पा’ कडे लक्ष ठेवा.

आता काळांबद्दल, म्हणजे त्या सोळाच्या आकड्याबद्दल. व्याकरणाच्या पुस्तकात मोजले तर सगळे भाव (साधं विधान, आज्ञा, जर-तर वगैरे) धरून पारंपरिक हिशेबाने सोळा भरतात हे खरं, पण त्यातले आठ जोडकाळ आहेत, म्हणजे आव्वार किंवा एत्र चं एक रूप आणि पुढे ‘बोललेलं’, ‘गेलेलं’ असं धातुसाधित. ही दोन साहाय्यक क्रियापदं येत असतील तर त्या आठांसाठी नवीन असं फार काही पाठ करायचं नसतं. उरलेल्या आठातला पासे सँप्ल (साधा भूतकाळ) आणि स्युब्जोंक्तिफचा (इच्छा-शंका सांगणाऱ्या भावाचा) अँपार्फे हे आज जवळजवळ फक्त छापील, साहित्यिक भाषेत दिसतात, कथा-कादंबऱ्या वाचायला लागाल तेव्हा ओळखता आले तरी पुरे. राहिले सहा, त्यात आज्ञार्थ म्हणजे बहुतेक ठिकाणी वर्तमानकाळातून सर्वनाम काढलेलं रूप, आणि कोंदिसियोनेल (जर-तरचा संकेतार्थ) म्हणजे भविष्यकाळाचा धातू आणि अँपार्फेची (‘वाचायचो’ सारख्या भूतकाळाची) शेपटं. म्हणजे नव्याने शिकायच्या गोष्टी चारच, आणि त्यातली पहिली, वर्तमानकाळ, तुम्ही अर्धी शिकला आहात. ए१ साठी तर वर्तमानकाळ, थोडा आज्ञार्थ, जवळचा भविष्यकाळ आणि पासे कोंपोझेची (रोजच्या बोलण्यातल्या भूतकाळाची) सुरुवात यात बहुतेक काम भागतं.

वर्तमानकाळाबद्दल एवढंच सांगते की ‘ज ली’ मध्ये ‘मी वाचतो’ आणि ‘मी वाचतोय’ दोन्ही आले. ‘वाचतोय’ साठी एत्र लावून काहीतरी जोडायचा मोह इंग्रजीमुळे होतो, ‘ज स्वी ली’ असं काही नसतं, हे वाक्य मी वह्यांमध्ये सतत खोडत असते.

जवळचा भविष्यकाळ आजच शिकून टाका. आले चं वर्तमान आणि पुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं: ज वे पार्तीर, मी निघणारे. कुठलंही क्रियापद, त्याचा तक्ता येत असो वा नसो, असं वापरता येतं. तेच दव्वार, पुव्वार (शकणं), वुल्वार (हवं असणं) यांचं: ज द्वा पार्तीर, मला निघायला हवं. आणि ‘इल फो पार्तीर’, निघायला पाहिजे, यात तर ‘इल’ कधी बदलतच नाही. ही चार-पाच रूपं हाताशी असली की बोलताना एखाद्या अवघड क्रियापदाचं रूप आठवत नसलं तरी वाक्य पूर्ण होतं. नवीन विद्यार्थ्याचा धीर टिकवायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पासे कोंपोझे मध्ये मात्र मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे आणि तो कोणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. इंग्रजीतून शिकवलं की ‘आव्वार कधी, एत्र कधी, शेवटी जादा ई कधी’ याची एक लांब यादी मिळते. तुम्ही मराठीतून बघा. आपण ‘ती गेली’, ‘तो गेला’ म्हणतो, क्रियापद करणाऱ्याप्रमाणे बदलतं. पण ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ मध्ये लिहिणारा पुरुष असून ‘लिहिली’ येतं, कारण तिथे क्रियापद कर्माकडे बघतं. फ्रेंचमध्येही हे दोन रस्ते आहेत. जाणं, येणं, पोचणं, निघणं, पडणं, चढणं, उतरणं, थांबून राहणं (आबिते नव्हे), जन्मणं, मरणं अशी ठरावीक क्रियापदं एत्र घेतात आणि धातुसाधित करणाऱ्याप्रमाणे बदलतं, एल एताले, ती गेली, आणि लिहिताना शेवटी बाईसाठी एक ई जादा. बाकीची आव्वार घेतात आणि तिथे करणाऱ्याकडे बघायचंच नाही, बघितलंच तर कर्माकडे, तेही कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. ‘जे एक्री ला लेत्र’, मी चिठ्ठी लिहिली, इथे चिठ्ठी मागून आली म्हणून बदल नाही. पण ‘ला लेत्र क जे एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी, इथे चिठ्ठी आधी येऊन बसली म्हणून ‘एक्री’ चं ‘एक्रीत’ झालं, स्त्रीलिंगी, आणि तो त चक्क ऐकू येतो. हा नियम जगभरच्या विद्यार्थ्यांना विचित्र वाटतो, आपल्याला वाटायचं कारण नाही, आपण लहानपणापासून कर्माशी क्रियापद जुळवत आलोय.

त्यातच अजून एक. देसांद्र (उतरणं) हे क्रियापद ‘एल ए देसांद्यू’ मध्ये एत्र घेतं आणि ‘एल आ देसांद्यू ला वालीझ’ मध्ये आव्वार, यावर सगळे गोंधळतात. मराठीत म्हणा: ती उतरली, आणि तिने बॅग उतरवली. ‘ती’ असेल तिथे एत्र, ‘तिने’ असेल तिथे आव्वार. चढणं, बाहेर येणं यांचंही असंच. पण ही युक्ती फक्त त्या एत्रवाल्या ठरावीक क्रियापदांपुरती वापरा, सगळीकडे नाही, कारण ‘ती चालली’, ‘ती झोपली’, ‘ती धावली’ मध्ये मराठीत ‘ती’ आहे आणि फ्रेंचमध्ये मात्र आव्वार लागतं, एल आ मार्शे, एल आ दॉर्मी. त्यामुळे यादी पाठ करावीच लागते, मराठी ती पाठ झाल्यावर मदतीला येते. स्वतःवर येणारी क्रियापदं, उठणं, अंघोळ करणं वगैरे, ‘स’ वाली, ती सगळी एत्र घेतात, तिथे विचार करायचा नाही.

बाकीचे काळ घाई न करता येऊ द्या. अँपार्फे सोपा आहे, ‘नू’ चं रूप घ्या, ओं काढा, शेपूट लावा, नू लिझों वरून ज लिझे, मी वाचायचो, आणि याला अपवाद फक्त एत्र. भविष्यकाळाची शेपटं आव्वारच्या वर्तमानकाळातूनच आलेली आहेत, त्यामुळे आव्वार पक्कं असेल तर ती ओळखीचीच वाटतील, ज पार्लरे मधला शेवटचा ‘ए’ म्हणजे ‘जे’ मधलाच ‘ए’.

लिहिण्याच्या पेपरसाठी एक शेवटची गोष्ट, कारण कानाने शिकणाऱ्याला ती नडते. ‘पार्ले’ हा एकच आवाज तीन प्रकारे लिहितात: मूळ क्रियापद ई-आर, ‘वू’ चं रूप ई-झेड, आणि ‘बोललेलं’ साठी डोक्यावर रेघ असलेला ई. यात फ्रान्समधली शाळकरी मुलंही चुकतात आणि त्यांचे शिक्षक त्यांना जी युक्ती देतात तीच घ्या. त्या जागी मनात तिसऱ्या गटातलं क्रियापद ठेवून बघा, वांद्र (विकणं). तिथे ‘वांद्र’ बसत असेल तर ई-आर, ‘वांद्यू’ बसत असेल तर रेघेचा ई, ‘वांदे’ बसत असेल तर ई-झेड. जे पार्ले: ‘जे वांद्यू’ बरोबर लागतं, म्हणून रेघेचा ई. ज वे पार्ले: ‘ज वे वांद्र’, म्हणून ई-आर. अर्थ जुळायची गरज नाही, फक्त रूप बसतंय का ते बघायचं.

किती क्रियापदं हा तुमचा प्रश्न राहिला. ती चार वाकडी, त्यांच्यासोबत दव्वार, पुव्वार, वुल्वार, साव्वार, मग वनीर, पार्तीर (निघणं), सॉर्तीर (बाहेर पडणं), प्रांद्र (घेणं), मेत्र (ठेवणं), दीर (म्हणणं), लीर (वाचणं), एक्रीर (लिहिणं), व्वार, आतांद्र (वाट बघणं), आणि फिनीर हा नमुना म्हणून. एवढी पूर्ण उलटसुलट बोलता आली की ए१ ला क्रियापदांची अडचण येऊ नये, ई-आर वाली कितीही घ्या, ती एकाच रुळावर चालतात. आत्ताचे तक्ते फेकू नका, लिहिताना तपासायला ठेवा. पुढचे तीन-चार आठवडे वू वरून ज ची जोडी रोज करा, एका वेळी पाच-सहा क्रियापदंच घ्या, आणि त्यानंतरही अडलं तर ‘बोलता येत नाही’ असं न लिहिता नेमका कुठला प्रश्न होता आणि तुमच्या तोंडून काय आलं ते जसंच्या तसं लिहा, म्हणजे गाडी सर्वनामावर अडतेय, धातूवर अडतेय की मूक शेपटावर, ते बघून पुढचं सांगते.